काकूंनी विचारलं होतं: साक्ष देण्याच्या भीतीचं एक प्रकरण

साक्ष म्हणजे इथं कोर्टातली नव्हे, आपल्या विश्वासाविषयी दुसऱ्याला तोंडानं सांगणं. सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका इमारतीत हे घडलं. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. एका दारामागं सिस्टर राहते. वय ४८, मिरजेच्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स. इमारतीत तिला नावानं कुणी हाक मारत नाही, शाळकरी पोरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती सिस्टरच, म्हणून इथंही तेच म्हणतो. समोरच्या दारामागं काकू. वय ६४, माळकरी, आषाढीला गुडघे साथ देतील तेवढी वारी चालणाऱ्या. दोघींचा शेजार ११ वर्षांचा. मी त्याच भागातल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो. ओळख पटेल असे तपशील बदलून आणि दोघींना विचारून हे लिहितो आहे. काकूंनी सिस्टरकडून निरोप धाडला, "लिही म्हणावं, पण मी माळ काढली असं कुठं लिहू नको म्हणावं." माळ काढलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सिस्टरचा नवरा जानेवारी २०२२ मध्ये गेला. मूत्रपिंडाचा आजार, दोन वर्षं डायलिसिस. त्यानंतर चार महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी काकू जिन्याजवळ शेंगा फोडत बसल्या होत्या. सिस्टर ड्यूटीवरून आली आणि तिथंच टेकली. काकू म्हणाल्या, "एक विचारू? आमचे हे गेले तेव्हा मी वर्षभर देव्हाऱ्याकडं पाठ करून बसलेवते. तू मात्र दर रविवारी इस्त्रीची साडी नेसून चर्चला जातीस. एवढं बळ कुठनं आणतीस गं?"

सिस्टर म्हणाली, "काही नाही ओ काकू. हॉस्पिटलात रोजच बघतो की आम्ही. सवय झालीय." आणि लगेच, "शेंगा कुठनं आणल्या?"

एवढंच घडलं. पण दोन आठवड्यांनी उपासना संपल्यावर ती माझ्याकडं आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मी पेत्रासारखं केलं." पेत्र म्हणजे येशूचा तो शिष्य, ज्यानं भीतीपोटी 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं. मला आधी कळेना. तिनं सगळं सांगितलं आणि रडली. नवरा गेला तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ हे वचन तिला तोंडपाठ होतं: तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारपूस करेल त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेनं. "इथं तर काकूंनी आपणहून विचारलं," ती म्हणाली, "आणि मी शेंगांचा भाव विचारला."

भीती कुठून आली

सिस्टरची आजी मिरजेच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढली. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उभं केलं, त्याच्या आसऱ्यानं जी ख्रिस्ती कुटुंबं या भागात स्थिरावली त्यांतलं हे एक. या कुटुंबांत एक वळण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं: आपण कामातून बोलायचं. रात्रपाळीत रुग्णाची भांडी उचलायची, जखम धुवायची, पैसा चुकीचा घ्यायचा नाही; लोक आपोआप ओळखतील. या वळणाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याची एक बाजू उघडपणे बोलली जात नाही. कामातून बोलण्याची इतकी सवय झाली की तोंडानं बोलायचे शब्दच आम्ही शिकलो नाही. विश्वासाविषयी बोलायची जी भाषा येते ती उपासनेतली. तारण, प्रायश्चित्त, नवा जन्म. ती जिन्यात शेंगा फोडताना कुणाच्या तोंडी येणार?

दुसरं कारण सिस्टरच्या तरुणपणातलं. नर्सिंगला असताना, १९ व्या वर्षी, खोलीतल्या मैत्रिणीला तिनं प्रेमानं नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, छोटी प्रत दिली. पुढच्या सुट्टीनंतर मैत्रिणीचे वडील वसतिगृहावर आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती प्रत त्यांनी सगळ्यांसमोर तिच्या हातात परत ठेवली आणि म्हणाले, "बाळा, आमच्या पोरीला यात ओढू नकोस." ओरडले नाहीत. तेच तिला जास्त लागलं. मैत्रीण पुढं दोन वर्षं त्याच खोलीत राहिली, पण मनानं गेली ती गेलीच.

आणि तिसरं म्हणजे आसपासची हवा. 'पाव टाकून विहीर बाटवली' ही गोष्ट आमच्याकडं ज्याला-त्याला माहीत असते. ख्रिस्ती माणूस देवाविषयी दोन शब्द बोलला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, याला माझ्याकडून काय हवंय? हा संशय सगळा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्यातल्या काहींनी माणसांना माणसं म्हणून न बघता आकडे म्हणून मोजलं, त्याची ही फेड आहे.

यात ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवावा लागतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात काकूंच्या भावाचं घर पाण्याखाली गेलं. काकूंच्या घरात आधीच माणसं मावत नव्हती, म्हणून भावाचं कुटुंब नऊ दिवस सिस्टरकडं राहिलं. रोज संध्याकाळी काकू सिस्टरच्या हॉलमध्ये, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या तसबिरीखाली बसून हरिपाठ म्हणायच्या. सिस्टर चटई अंथरून द्यायची आणि स्वयंपाकघरात भाकरी थापत ऐकायची. हे तिनं मला सहज सांगितलं, पण मी तिथंच अडलो. काकू सिस्टरच्या घरात बसून आपल्या देवाचं नाव मोकळ्या गळ्यानं घेऊ शकत होत्या. सिस्टर स्वतःच्याच घरात घेऊ शकत नव्हती.

पहिली चूक, आणि ती माझी

मला वाटलं, हिला बोलायचं कसं ते माहीत नाही, म्हणून ही घाबरते. शिकवलं की भीती जाईल. मी तिला एका कागदावर चार मुद्दे लिहून दिले, प्रत्येकाखाली एक वचन. पाठ करून घेतलं. मुलीला समोर बसवून तिनं सरावही केला.

नाताळ २०२२. दरवर्षीप्रमाणं मजल्यावरच्या आणि खालच्या बायका तिच्याकडं केक-करंज्या खायला आल्या. बशा हातात होत्या, गप्पा चालल्या होत्या, आणि सिस्टर एकदम उभी राहून बोलायला लागली. ती नंतर म्हणाली की आवाज आपला नव्हताच, कागदाचा होता. तीन-चार मिनिटं झाली असतील. खालच्या मजल्यावरच्या एकीनं बशी टीपॉयवर ठेवली. "हे ऐकायला बोलावलंवतंस व्हय?" आणि ती उठली. काकूंनी घाईघाईनं केकची तारीफ केली, विषय बदलला. कुणी भांडलं नाही. अर्धी खाल्लेली करंजी बशीत राहिली.

त्या करंजीविषयी सिस्टर माझ्याशी महिनाभर बोलत होती. आणि चूक तिची नव्हती. जे घर ती इतकी वर्षं प्रेमानं उघडत आली, त्याचा मी सापळा करून टाकला. जेवूखाऊ घालायला बोलवायचं आणि मग धर्म सांगायचा, यालाच लोक आमिष म्हणतात. बायकांना तसं वाटलं असेल तर त्यांचं काय चुकलं? शिवाय मी शिकवलेल्या चार मुद्द्यांत काकूंच्या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं. काकूंनी विचारलं होतं, बळ कुठून आणतेस. मी तिला शिकवलं होतं, मनुष्य पापी कसा.

पाचवी बैठक

२०२३ च्या जानेवारीपासून आम्ही पुन्हा बसायला लागलो, दर पंधरा दिवसांनी, तिच्या घरी. माझी पत्नीही असायची. या वेळी मी काही शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. मी एकच विचारलं: काकूंच्या तोंडून कोणतं वाक्य ऐकायची तुला सगळ्यात जास्त भीती वाटते?

पहिल्या बैठकींत आली ती नेहमीची उत्तरं. 'बाटवायला निघाली' म्हणतील. मुलीच्या मैत्रिणी तुटतील. बातमी हॉस्पिटलपर्यंत जाईल. मला काही येत नाही, बायबल कॉलेजला गेलेली थोडीच मी. ही सगळी भीती खरीच होती, आम्ही ती एकेक करून बोललो. पण प्रत्येक वेळी ती बोलून मोकळी व्हायची आणि चेहऱ्यावरचा ताण मात्र तसाच राहायचा. पाचव्या बैठकीत चहा गार होईस्तोवर ती गप्प होती. मग म्हणाली, "काकू विचारतील, एवढी प्रार्थना करत होतीस, मग तुझ्या येशूनं त्याला बरं का नाही केलं?"

तिचा नवरा आजारी असताना आमच्या मंडळीनं शुक्रवार-शुक्रवार उपास धरून प्रार्थना केली होती. मी स्वतः त्याच्या खाटेजवळ उभा राहून 'तू उठणार' असं म्हणालो होतो, जणू काही ते माझ्या हातात होतं. तो गेल्यावर आमच्यातल्याच दोघा-तिघांनी तिच्या कानावर घातलं की विश्वास कमी पडला. म्हणजे ज्या नकाराला ती भीत होती तो तिला घरातूनच मिळाला होता. काकू फार तर दुसऱ्या होत्या.

मी तिची क्षमा मागितली. ती 'असू द्या' म्हणाली नाही. नुसती मान हलवली, आणि मला ते बरोबर वाटलं.

इथून प्रकरणाची दिशा फिरली. दुसऱ्याच्या नकाराची भीती म्हणून आम्ही जे धरून बसलो होतो त्याच्या तळाशी तिचा स्वतःचा, देवाशी न बोललेला प्रश्न होता. तो प्रश्न तिनं स्वतःलाही विचारू दिला नव्हता; काकूंना कसा विचारू देणार? तेव्हा साक्ष कशी द्यायची हा विषय आम्ही काही आठवडे बाजूला ठेवला आणि बायबलमधली स्तोत्रं वाचली. स्तोत्र १३ अवघं सहा वचनांचं, पण त्यात देवाला चार वेळा विचारलंय, कोठवर? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपही नाही. सिस्टर म्हणाली, "हे शास्त्रात आहे आणि मला लहानपणापासून कुणी वाचून दाखवलं नाही."

मग तिनं वहीचं एक पान लिहिलं. काकूंना काय सांगायचं ते नाही; बळ कुठून आलं, त्याचं स्वतःपुरतं उत्तर. त्यात डायलिसिसचे चार-चार तास होते. खोलीबाहेरच्या बाकावर बसून ती काहीच प्रार्थना करू शकायची नाही, नुसतं 'प्रभू' म्हणायची, हे होतं. शेवटच्या आठवड्यात नवऱ्यानं तिला वाच म्हटलं, तिला आवाज फुटेना, तर त्यानंच २३ वं स्तोत्र अर्ध्यापर्यंत म्हटलं आणि झोपला, हे होतं. मरणाच्या छायेच्या दरीतूनही तू बरोबर आहेस या ओळीपाशी तो थांबला होता. आणि त्या एका पानात 'मला माहीत नाही' हे तीन वेळा होतं. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

समोरच्याची भीती

आम्ही ख्रिस्ती लोक आपल्या भीतीविषयी बोलतो. ऐकणाऱ्यालाही भीती असते, हे विसरतो. यासाठी मी तिच्याशी ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांच्याविषयी बोललो. टिळक शेवटच्या वर्षांत साताऱ्याला होते, तिथंच १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. आमच्या उपासनेत त्यांची भजनं आजही गायली जातात. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांना अंधारात ठेवून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या बातमीनं काय झालं, नवऱ्यापासून दूर काढलेली वर्षं कशी गेली, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० साली, आपल्या मनानं, आपल्या वेळेला. हे वाचताना मला नेहमी वाटतं की टिळकांच्या धैर्याचं कौतुक करावं आणि लक्ष्मीबाईंचं दुःखही तेवढंच खरं मानावं. काकूंच्या घरात तेच भय असणार: आमचं माणूस आमच्यातून जाईल.

आणखी एक मोह मी तिला टाळायला सांगितला. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आले असं म्हटलं जातं, म्हणून आमच्यातले काही वारकऱ्यापुढं लगेच तुकोबांचा अभंग काढतात. टिळकांना तो हक्क होता, अभंग त्यांच्या रक्तातला होता. सिस्टरनं काकूंचा तुकोबा काकूंवरच वापरणं मला उसनवारीचं वाटलं.

मग काही गोष्टी पक्क्या झाल्या. आधी विचारायचं, सांगू का? नको म्हटलं की तिथंच थांबायचं, आणि थांबल्यावर चेहरा पाडायचा नाही. हॉस्पिटलात, ड्यूटीवर, खाटेवरच्या माणसाशी हा विषय आपण होऊन काढायचा नाहीच. ज्याची सुई आपल्या हातात आहे तो मोकळेपणानं 'नको' म्हणू शकत नाही. कायद्याचंही बोललो, कारण तिच्या भीतीत तो होता. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाधा येऊ न देता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. सिस्टरला याचा धाक वाटण्याऐवजी सुटल्यासारखं झालं. "म्हणजे काकूंना बदलायचं माझ्यावर नाहीच," ती म्हणाली. नाहीच. शास्त्रानंही ते तिच्यावर कधी टाकलं नव्हतं. बायबलमधला तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला; येशूनं त्याच्यावर प्रीती केली होती, पण त्याच्या मागं धावत गेला नाही.

गच्चीवर

एप्रिल २०२३. गच्चीवर कुरडया घालायचं काम चालू होतं. गव्हाचा चीक शिजवून झाला होता, काकू सोऱ्या दाबत होत्या, सिस्टर प्लास्टिकच्या कागदावर कुरडया सारख्या करत होती. तिचे हात गार पडले होते, उन्हातसुद्धा. तिनं म्हटलं, "काकू, गेल्या वर्षी तुम्ही मला एक विचारलंवतं. मी खोटं उत्तर दिलं. आता सांगू का?"

काकूंनी सोऱ्या थांबवला नाही. "सांग की."

तिनं सांगितलं. वहीतलं पान जसंच्या तसं नाही, पण बाक, 'प्रभू' हा एकच शब्द आणि अर्ध्यावर राहिलेलं स्तोत्र एवढं सांगितलं. आणि म्हणाली, "त्याला का नेलं ते मला माहीत नाही. पण त्या बाकावर मी एकटी नव्हते. येशू तिथं होता, एवढं मी शपथेवर सांगेन."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझा येशू तुला लखलाभ. माझा विठोबा मला हाय. त्यात काय बदल व्हायचा न्हाई." थोडं थांबून, "पण हे मला तेव्हाच का सांगितलं न्हाईस? मी काय परकी हाय व्हय?"

ज्या नकाराला सिस्टर तीस वर्षं भीत आली तो नकार तिला त्या गच्चीवर मिळाला, अगदी स्पष्ट. पण काकूंना जे लागलं होतं ते तिचं बोलणं नव्हतं. वर्षभराचं न बोलणं लागलं होतं. हे ऐकल्यावर मी माझी सगळी टिपणं पुन्हा काढून वाचली. आम्ही इतके महिने हिशोब मांडत होतो की बोललं तर नातं तुटेल का. गप्प बसल्यानं नात्याला काय होतं, हा प्रश्न टिपणांत एकदाही नव्हता.

सगळं इथंच गोड झालं नाही. चार दिवसांनी काकूंच्या मुलानं सिस्टरला जिन्यात गाठलं. "मावशी, राग मानू नका, पण आईशी हे विषय नकोत." ती म्हणाली, "बरं बाळा." वर आली आणि मला फोन केला. आवाज कापत होता. १९ व्या वर्षीचे ते वडील पुन्हा समोर उभे राहिले, म्हणाली. मी विचारलं, तेव्हा आणि आज यात काही फरक आहे का? बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "तेव्हा मी आठवडाभर जेवले नाही. आज भाजी फोडणीला टाकून आलेय." तिनं शब्द पाळला. मे आणि जूनमध्ये विषय काढला नाही. काकूंचं येणं-जाणं तीनेक आठवडे कमी झालं, मग एके दिवशी विरजणाला दही मागायला त्या आल्या आणि पहिल्यासारखं सुरू झालं. खालच्या मजल्यावरची ती बाई मात्र अजून नाताळला येत नाही.

हॉस्पिटलातही बदल झालेला नाही. डब्याच्या वेळी सोबतच्या नर्सेस उपासतापास, देवदर्शन यांविषयी बोलतात तेव्हा सिस्टर अजूनही गप्प असते. तिथं तिला जमत नाही, आणि मी ढकलत नाही.

आषाढी झाली, जून संपला. काकू वारीचा शेवटचा टप्पा चालून परत आल्या होत्या, पाय शेकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यानं म्हटलं ते नको, ते म्हटलं की तू रडशील. पण तुझ्या पुस्तकात देवाशी भांडलेलं काय हाय का गं? आमच्या तुकोबांनी लई भांडण केलंय."

सिस्टरनं लगेच उत्तर दिलं नाही. संध्याकाळी काकूंचा मुलगा कामावरून येईपर्यंत थांबली आणि त्याला दारातच सांगितलं, "आईंनी विचारलंय. तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही." तो जरा ओशाळला. "आईनंच विचारलं असेल तर वाचा की मावशी," म्हणाला, आणि स्वतःही चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला.

तिनं १३ वं स्तोत्र वाचलं. काकूंनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग चष्मा लावून पुस्तक हातात घेतलं, अक्षर बारीक आहे म्हणून परत दिलं. त्या रात्री सिस्टरनं जुन्या कॅलेंडरच्या पानामागं स्केचपेननं मोठ्या अक्षरांत ती सहा वचनं उतरवली आणि सकाळी ड्यूटीला जाताना काकूंना दिली. काकूंनी पानाची घडी घातली आणि आत नेली. कुठं ठेवली, हे सिस्टरनं अजून विचारलेलं नाही.